पुतळ्याच्या पोटातले यजमान

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
अतिक्रमण व जप्त माल विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : गल्लीच्या टोकाला, मागे अंगण असलेल्या घरात राहणारी गृहिणी.

विषय : जप्त केलेल्या पुतळ्याच्या पाठीवरील सील काढून आतील मनुष्यास मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या पथकाने केलेला पंचनामा. २) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज (सर्वांची पोच आहे). ३) आपले कालचे पत्र.

महोदय,

"आधी काय हवंय ते लिहा, मग काय झालं ते लिहा, आणि रडायचं असेल तर ते घरी जाऊन रडा," असे आपल्या कार्यालयाच्या पायरीशी टेबल टाकून बसणाऱ्या अर्जलेखक काकांनी अर्जदारास पहिल्याच दिवशी बजावले होते. अर्जात 'मी' आणि 'माझे' लिहू नये, 'अर्जदार' असे लिहावे, हेही त्यांनीच सांगितले. 'मी' दिसले की साहेब लोकांना वाटते, बाई भांडायला आली. काका आता या प्रकरणाला कंटाळले आहेत. "वहिनी, खिडकीवरचे लोक माझं अक्षर दिसलं की हसायला लागतात, यापुढे तुमचं तुम्हीच लिहा," असे ते म्हणाले. म्हणून हा अर्ज अर्जदार स्वहस्ते लिहीत आहे, पण काकांचे नियम पाळून. तरी काय हवे ते आधी : अर्जदाराचे यजमान आपल्या सीलबंद पुतळ्याच्या आत आहेत. ते बाहेर यावेत.

१. यजमान टाकाऊ वस्तूंचे पुतळे करतात. लोक ज्या वस्तू दारामागे किंवा गच्चीवर टाकून विसरतात, त्या ते मागून आणतात. गल्लीत त्यांना कोणी शिल्पकार म्हणत नाही, भंगारभाऊ म्हणतात, आणि त्यांना ते आवडते. सध्याचा पुतळा एका बसलेल्या बाईचा आहे. तिची पाठ पत्र्याच्या पिंपांची आहे, खांदे शिलाई मशीनच्या चाकांचे, बोटे नळाच्या तोट्यांची आणि केस सायकलच्या साखळ्यांचे. पोटावर धुलाई यंत्राची गोल काच बसवली आहे. ती उघडत नाही, फक्त उजेडासाठी आहे. डोळे, नाक आणि ओठ अजून केलेले नाहीत. गल्लीतल्या बायका म्हणतात की कपाळ आणि हनुवटी हुबेहूब अर्जदाराची आहेत. त्यावर अर्जदारास काही म्हणावयाचे नाही.

२. यजमानांची काम करण्याची एक रीत आहे, ती साहेबांनी समजून घ्यावी, कारण सगळे तिथेच अडले आहे. ते पुतळ्याच्या आत बसून काम करतात. बाहेरून एकही नट दिसता कामा नये, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे सगळे पेच आतून आवळावे लागतात. आत जाण्यासाठी पुतळ्याच्या पाठीला जुन्या फ्रिजचे दार लावले आहे. ते फक्त बाहेरून उघडते. म्हणून काम चालू असताना फटीत लाकडाचा ठोकळा ठेवायचा, असा घरातला शिरस्ता आहे. ठोकाठोकीने कान किटतात, म्हणून ते कानांत कापसाचे बोळे घालतात. एकदा बोळे घातले की त्यांच्या लेखी जग बंद.

३. अर्जदाराचाही एक नेम आहे. सकाळी देवापाशी दिवा लावल्यापासून तो शांत होईपर्यंत अर्जदार बोलत नाही. हा नेम सासूबाईंकडून आला आणि लग्न झाल्यापासून मोडला नव्हता. घरात याची कधी कोणाला अडचण झाली नाही. यजमान पुतळ्यात, अर्जदार मौनात. सकाळ शांततेत जायची. ठोकण्याचा तेवढा आवाज यायचा. तो आला की अर्जदार समजायची, सगळे ठीक आहे.

४. आपले पथक आले तेव्हा दिवा तेवत होता. मागच्या इमारतीतून कोणी 'अंगणात भंगाराचा बेकायदा साठा आहे' अशी तक्रार केली होती म्हणे. तक्रारदाराविषयी अर्जदाराच्या मनात राग नाही. अंगण अडगळीचे दिसते हे खरेच आहे. पथकप्रमुखांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि सील लावायला सांगितले. अर्जदाराने दोन्ही हात हलवून पुतळ्याच्या पोटाकडे बोट दाखवले. पथकप्रमुख म्हणाले, "बाई, पोट सगळ्यांनाच आहे. आम्ही काय हौसेने आलोय?" अर्जदाराने हात जोडले. ते सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "बघ, किती समजूतदार बाई. नाहीतर कालची. दगड घेऊन अंगावर आली होती." आतून तेव्हा ठोकण्याचा आवाज येत होता. पण शेजारी मोटारी दुरुस्त करायचे गॅरेज आहे, त्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांच्यातल्या एकाने फटीतला ठोकळा काढून बाजूला ठेवला, अगदी व्यवस्थित ठेवला, आणि दार लावून त्यावर तार, कागद आणि लाख चढवली.

५. अर्जदाराने पंचनाम्याच्या शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'पुतळ्याच्या आत यजमान आहेत' असे लिहिले. कारकुनाने ते वाचले. तो हसला आणि म्हणाला, "कलाकाराच्या घरची बाई, असंच लिहिणार. आमच्या शेजारी एक कवी राहतात, तेही प्रत्येक गोष्टीत स्वतः असतात." त्याने ते खोडून त्याजागी 'पुतळा नग एक, आतील मालासह' असे सुबक अक्षरात लिहिले आणि अर्जदाराची सही घेतली. ती सही सुपूर्दनाम्यावर होती, म्हणजे जप्त माल सीलसकट जसाच्या तसा सांभाळण्याची हमी. हे अर्जदारास सही केल्यावर कळले. त्यानंतर अर्जदाराने नेम मोडला. दिवा तेवत असताना ती गल्लीभर धावली आणि हाका मारल्या. पण अर्जदाराचा आवाज मुळातच बारीक. गाडी वळणावरून निघून गेली.

६. साहेब म्हणतील, मग दार तोडले का नाही? हा प्रश्न अर्जदारास सगळ्यांनी विचारला आहे. गॅरेजवाले भाऊ तर हातोडाच घेऊन आले होते. "वहिनी, बाजूला व्हा, दोन मिनिटांचं काम आहे." अर्जदार बाजूला झाली नाही. तिने सही केली होती. सही म्हणजे दिलेला शब्द. तो कागदावर आहे म्हणून हलका होत नाही. शिवाय पंचनाम्याखाली बारीक अक्षरात छापलेले आहे, की सीलला हात लागल्यास सुपूर्ददारास शिक्षा होईल आणि माल वितळवण्यास पाठवण्यात येईल. यजमानांनी कानातले बोळे काढल्यावर त्यांना हे सगळे पोटाच्या काचेतून ओरडून सांगावे लागले. आत त्यांच्यापाशी करवत होती. ते बाहेर येऊ शकत होते. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझी सही आहे ना? मग राहू दे. नियमाने आत गेलोय, नियमानेच येईन." त्या दिवशी आम्हा दोघांना वाटले होते, संध्याकाळपर्यंतचा प्रश्न आहे.

(वरच्या ओळीत 'आम्हा' असे लिहिले गेले. 'अर्जदार व यजमान' असे वाचावे.)

७. त्यानंतर अर्जदार आपल्या जप्त मालाच्या खिडकीवर गेली. सील काढण्यासाठी मूळ मालकाचा अर्ज लागतो, असे सांगण्यात आले. अर्जदाराने पुतळ्याच्या काखेतल्या फटीतून कागद आत सरकवला. यजमानांनी काचेच्या उजेडात, गुडघ्यावर धरून सही केली. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ताई, सही आमच्यासमोर व्हायला हवी." अर्जदाराने सांगितले, ते आत अडकले आहेत. "मग त्यांना सांगा, सुटल्यावर या." अर्जदाराने सांगितले, ते आपल्या सीलमुळेच अडकले आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग सील काढायला अर्ज करावा लागेल. मालकाने." त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्यांनी अर्जदारास बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिले. तिथून अर्जदार अग्निशमन केंद्रात गेली. तिथले जवान चांगले होते, म्हणाले, "मावशी, एका झटक्यात कापतो, फक्त ज्यांचं सील आहे त्यांचं पत्र आणा." पोलीस चौकीत विचारले, तक्रार कोणाविरुद्ध? सील साहेबांचे, सही तुमची, आणि आतला माणूस म्हणतो की तो स्वखुशीने बसला आहे.

८. अर्जदाराच्या विनंतीवरून आपल्या कार्यालयाचे तपासनीस येऊन गेले, त्याबद्दल आभार. त्यांनी गोल काचेतून आत पाहिले. यजमानांनी हात हलवला. तपासनीस दचकून मागे सरले, मग पुन्हा वाकून पाहिले, आणि त्यांनी अहवालात लिहिले की पुतळा आतून हालचाल करतो, सबब तो यंत्रावर चालणारा असल्यास वेगळा परवाना आवश्यक आहे. अर्जदार त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला दिसलं काय ते. पण माझ्या नमुन्यात माणूस हा रकानाच नाही. माल, यंत्र, जनावर. जनावर लिहू का? लवकर सुटेल." अर्जदाराने नको म्हटले. यजमानांना नंतर हे सांगितले तेव्हा ते खूप हसले. पत्र्याच्या पोटात हसणे फार मोठे ऐकू येते. त्यानंतर ते तसे हसलेले नाहीत.

९. मध्यंतरी कला समितीचे एक सदस्य येऊन गेले. लांब दाढी, खांद्याला पिशवी. ते अंगणात उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. टाकलेल्या वस्तूंच्या पोटात टाकलेला माणूस, अशी कल्पना त्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्यांनी आपल्या कार्यालयास शिफारस केली आहे, की कलाकृती आहे त्या अवस्थेत जतन करावी आणि आतील व्यक्ती काढू नये, काढल्यास अर्थ जातो. यजमान काखेतून ओरडले, "त्यांना म्हणावं, या आत. तुम्ही बसा अर्थाला, मी जरा पाय मोकळे करून येतो." सदस्यांनी तेही वहीत उतरवून घेतले. त्यांची शिफारस कृपया विचारात घेऊ नये. हा पुतळा त्या अर्थाने केलेला नाही. तो एका बसलेल्या बाईचा आहे, एवढेच.

१०. आत उजेड कमी, म्हणून अर्जदार सकाळचा दिवा आता देवापाशी न ठेवता काचेपुढे ठेवते. देवाला ते चालते, असे अर्जदारास वाटते. परंतु येणाऱ्याजाणाऱ्यांचा गैरसमज झाला. आता बायका पुतळ्यापुढे फुले ठेवून जातात, हात जोडून मनातले पुटपुटतात. एकीने मुलाच्या नोकरीसाठी साकडे घातले तेव्हा आतून आवाज आला, "फुलं नकोत, बाई. नट आवळायला तेराचा पाना असेल तर बघा." ती घाबरून पळाली आणि दुसऱ्या दिवशी दहा जणींना घेऊन आली. सगळ्यांकडे पाने होते. ही गर्दी अर्जदाराने जमवलेली नाही, याची नोंद व्हावी, कारण आपल्याच कार्यालयाच्या दुसऱ्या विभागाने 'विनापरवाना प्रार्थनास्थळ' म्हणून नोटीस भिंतीला चिकटवली आहे.

११. आता यजमानांच्या स्थितीविषयी. काखेची फट जेमतेम मुठीएवढी आहे. जे लांबट ते आत जाते. केळे जाते, काकडी जाते, गुंडाळलेला घास जातो. पाणी नळीने जाते. पुतळा मोरीच्या जाळीवर बसलेला असल्याने इतर बाबतीत देवाने लाज राखली आहे, याहून अधिक अर्जदार लिहू शकत नाही. यजमानांना आत उभे राहता येत नाही आणि पाय पसरता येत नाहीत. डावा गुडघा आखडला आहे. दुपारी पत्रा इतका तापतो की बाहेरून हात लावता येत नाही. अर्जदार ओली पोती टाकते. त्यावर आपल्या शिपायाने 'मालाच्या स्वरूपात बदल करू नये' अशी समज दिली, आणि मग स्वतःच एक पोते ओले करून टाकले व म्हणाला, "मी पाहिलं नाही." अर्जदार यजमानांना जेवढे पोचते तेवढेच जेवते. रात्री पुतळ्याच्या पाठीला पाठ लावून बसते. आतूनही ते तसेच बसतात. मध्ये पत्रा असतो.

१२. खरी गोष्ट अशी की, यजमानांनी ठोकणे बंद केले आहे. पहिल्यांदा ते आत बसून पुढचे काम करीत होते, वेळ जात होता. मग सुटे नट संपले. मग म्हणू लागले, हातोडीचा आवाज डोक्यात राहतो. आता सकाळी दिवा लावल्यावर अंगणात काहीच ऐकू येत नाही. परवा त्यांनी विचारले, "बाहेर ऊन आहे का गं?" ऊन त्यांच्या काचेवर पडले होते. अर्जदार मौनात होती. तिने उत्तर दिले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. दिवा शांत झाल्यावर अर्जदाराने सांगितले, होय, ऊन आहे. त्यांनी विचारले, कसलं ऊन? एवढ्या वेळात ते प्रश्न विसरले होते. त्या दिवशी अर्जदारास आपल्या नेमाची पहिल्यांदा भीती वाटली.

१३. आपले पत्र काल संध्याकाळी मिळाले. त्यात म्हटले आहे की, मूळ मालकाने उद्या, म्हणजे आज, दुपारपूर्वी समक्ष हजर राहून सही करावी, अन्यथा अर्जदारास स्वारस्य नाही असे समजून प्रकरण बंद करण्यात येईल आणि माल आतील मालासह वितळवण्यास रवाना होईल. पत्रावर आपली स्वतःची सही आहे. साहेबांनी ते न वाचता सही केली असावी, असे अर्जदार धरून चालते. वाचून केली असेल असे तिच्याने धरवत नाही. पत्र काचेपुढे धरून यजमानांना दाखवले. त्यांनी ते वाचले आणि करवतीकडे पाहिले. मग अर्जदाराकडे. म्हणाले, "तू सांग. सांगितलंस तर कापतो. सगळं माझ्या अंगावर घेतो." अर्जदार म्हणाली, "कापू नका. उद्या दुपारच्या आत तुम्ही साहेबांच्या समोर सही कराल." ते म्हणाले, "कशी? उगाच शब्द देऊ नकोस. तुझा शब्द दिला गेला की दोघांनाही वाहावा लागतो." परंतु शब्द दिला गेला होता.

१४. आज पहाटे अर्जदाराने सुपूर्दनामा पुन्हा काढून नीट वाचला. त्यातले शेवटचे कलम, जे सही करताना वाचायला कोणी वेळ दिला नव्हता, असे आहे : 'कार्यालयाकडून बोलावणे येताच सदर माल आहे त्या स्थितीत, सील शाबूत ठेवून, कार्यालयात हजर करण्याची जबाबदारी सुपूर्ददाराची राहील.' आपण मालकास बोलावले आहे. मालकास मालाशिवाय आणता येत नाही. सबब अर्जदार दोघांनाही घेऊन येत आहे.

१५. गॅरेजवाले भाऊ जॅक घेऊन आले आहेत. त्यांनी हातोडा घरी ठेवला आहे, अर्जदाराने तपासले. पुतळा जॅकवर उचलून लांब हातगाडीवर ठेवला आहे. यजमानांना सांगून ठेवले आहे की गाडी हलेल, घाबरू नये. सील शाबूत आहे, तपासून पाहता येईल. ओली पोती वरून टाकली आहेत. रस्ता चढाचा आहे, परंतु ढकलायला पुष्कळ बायका आल्या आहेत. फुले आणू नका असे त्यांना सांगितले होते, तरी आणली आहेत.

साहेबांकडे आता एवढेच मागणे आहे. कार्यालयाच्या मुख्य फाटकाचे एकच दार उघडे असते. पुतळ्याचे खांदे रुंद आहेत. तरी दुसरेही दार उघडे ठेवण्यास सांगावे, आणि आपण खाली येऊन सहीचा कागद काखेपाशी धरावा. पेन लागणार नाही, ते यजमानांपाशी आहे. जिन्याने पुतळा दुसऱ्या मजल्यावर येणार नाही. नियमात तसेच असेल, तर अर्जदार तेही करून पाहील.

दिवा अजून तेवत आहे. तो वाऱ्याने विझू नये म्हणून गाडीवर, काचेच्या आत दिसेल असा, आडोशाला ठेवला आहे. आज अर्जदार वाटेत बोलणार आहे. चढावर गाडी थांबली की आत सांगावे लागेल, कुठे आलो, ऊन कसले आहे, अजून किती उरले आहे. हा नेम देवापाशी नंतर भरून काढता येईल. भाऊंनी गाडीच्या चाकाखालचा दगड काढला आहे. अर्जदार दांड्याला हात लावायला जात आहे, म्हणून अर्ज इथे थांबवते आणि एका बाईच्या हाती पुढे पाठवते.

आपल्या फाटकाकडे निघालेली,
नम्र अर्जदार व सुपूर्ददार

(सही)

दिनांक : आजचाच. वेळ : कार्यालय उघडण्यापूर्वी.

सोबत :
१. सुपूर्दनाम्याची प्रत.
२. आपले कालचे पत्र, मूळ.
३. पुतळा एक, यजमान एक. (अर्जास जोडता येत नसल्याने हातगाडीवरून आणत आहे.)